पाठीवरचं डांबर

गच्चीवर डांबर ओतायचं तर ऊन कडकच हवं, यात डांबरकाका कुणाचं ऐकायचे नाहीत. ढगाळ दिवशी बोलावणं आलं तर सरळ नाही म्हणायचे. स्लॅब तापलेला असला की डांबर भेगांत छान उतरतं. थंड असला की नुसतं वर बसतं, आणि पुढच्या पावसात गच्ची गळली की घरमालक शिव्या घालायला तयार. म्हणून काम भर दुपारी. अंगात शर्ट नाही, कारण डांबर लागलेला शर्ट फेकायच्याच लायकीचा. टोपीचं तर नावच काढू नका. "उन्हाला घाबरून गच्चीवरची कामं होतात होय?" असं म्हणायचे आणि उघड्या पाठीनं वाकायचे. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत हेच चाललं.

संध्याकाळी घरी आले की मोरीपाशी स्टुलावर बसायचे. बायको फडकं रॉकेलमध्ये बुडवून त्यांची मान, खांदे, पाठ घासायची आणि उडालेलं डांबर काढायची. "नवरा केलाय का रस्ता, तेच कळत नाही," असं रोज म्हणायची. विनोद तोच, पण काका रोज हसायचे. त्यांच्या पाठीवरचा तीळ न् तीळ तिला माहीत होता. त्यांनी स्वतः ती पाठ कधी पाहिली नव्हती, आणि पाहायची गरजही पडली नव्हती.

मग ती गेली. छातीत कळ आली काय आणि संपलं काय, काकांना नीट रडायलाही सुचलं नाही. स्टूल मोरीतून उचलून त्यांनी भिंतीला लावून ठेवलं. हातपाय स्वतः पुसायचे. पाठीपर्यंत हात पोचायचा नाही, मग पाठ तशीच राहायची.

मुलगी लांब, दुसऱ्या शहरात, रविवारी फोन करायची. "जेवलात का?" "जेवलो." "बरं वाटतंय ना?" "मला काय धाड भरलीय?" झालं, संपला फोन. समोरच्या दारात घड्याळवाला राहायचा, तोही एकटाच, पण त्याच्याशी बोलणं बंद. एकदा जिन्यात काकांच्या हातून डांबराचा डबा कलंडला आणि घड्याळवाल्याची कोरी चप्पल पायरीला चिकटून बसली. तो अनवाणीच घरात गेला, दार आपटलं, ते आजतागायत आपटलेलंच. भांडणात आधी माफी कुणी मागायची यावर दोन म्हातारे अडून बसले होते, म्हणजे बघा!

अशात कधीतरी काकांच्या उजव्या खांद्याखाली काळा डाग आला. "काका, पाठीला डांबर राहिलंय," कामावरचा जोडीदार म्हणाला. "राहू दे. मला कुणाला दाखवायचीय पाठ?" विषय संपला. या धंद्यात प्रत्येकाच्या अंगावर असे डाग असतात, कोण कशाला निरखून बघतोय! मात्र उन्हात तो डाग खाजायचा. काकांनी डोकं लढवलं, लांब दांड्याच्या ब्रशाला रॉकेलचं फडकं बांधलं आणि अंदाजानं घासलं. डाग निघाला नाही, रक्त तेवढं आलं. रॉकेलनं पोळलं असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. पुढे चादरीवर डाग पडायला लागले, तर चादर उलटी करून अंथरली.

वर्षभरानं मुलगी सुट्टी काढून राहायला आली. बापाला बनियनवर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो बाबा, काय हे ध्यान! आई असती तर घरात घेतलं नसतं तुम्हाला." तिनं स्टूल काढलं, फडकं शोधलं, आईसारखाच पदर, म्हणजे ओढणी, कमरेला खोचली. काका मुकाट्यानं बसले.

तिचा हात पाठीवर पडला. किती दिवसांत कुणी त्यांना हात लावला नव्हता! डोळे मिटून ते बसून राहिले. डाग इतक्यात निघू नये, असंच त्यांना वाटत होतं.

तो निघालाच नाही. मुलीचा हात थांबला. ती खाली वाकली, बोटानं चाचपलं, आणि फडकं बाजूला ठेवलं.

"बाबा, हे डांबर नाहीये."

दवाखान्यातली डॉक्टर मुलीच्याच वयाची होती. तिनं तपासलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि मग सांगितलं की कातडीचा कॅन्सर आहे, उन्हानं झालेला. "किती दिवसांपासून होतं हे, काका?"

"हिला माहीत असतं," काका म्हणाले. "आमच्या मंडळींना."

नशीब म्हणायचं, तो पसरला नव्हता. डाग मुळासकट काढला, टाके घातले. डॉक्टरनं दम भरला: भर दुपारी उन्हात जायचं नाही, सकाळ-संध्याकाळ काम करायचं, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोठ्या काठाची टोपी, उघड्या भागाला क्रीम. "आणि असं पुन्हा येऊ शकतं, तेव्हा महिन्यातून एकदा घरच्या कुणाकडून तरी पाठ बघून घ्यायची. घरी आहे ना कुणी?"

"आहेत की," काका म्हणाले. मुलीनं मान दुसरीकडे वळवली.

"माझ्याकडे चला," असं ती जाईपर्यंत म्हणत राहिली. काका नाही ते नाहीच. ती गेली.

महिना भरला. काकांनी आरशाकडे पाठ करून मान वळवली, मान आखडली, दिसलं काहीच नाही. मुलीला व्हिडिओ कॉल लावून फोन मागे धरला. "बाबा, मला पंखा दिसतोय," ती म्हणाली. "आता दार. बाबा, आता नुसतं बोट!" दोघं हसले, मग ती रडायला लागली, तेव्हा काकांनी "दिसलं मला, साफ आहे" अशी थाप मारून फोन ठेवला. पण जुन्या जागेच्या बाजूला खाजत होतं. ते खुर्चीवर बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरीखुरी भीती वाटली.

शेवटी उठले, समोरचं दार वाजवलं. घड्याळवाल्यानं दार उघडलं, कपाळावर भिंग चढवलेलं, तोंड वाकडं.

"चप्पल भरून देतो," काका म्हणाले. "पण आधी माझी पाठ बघा. काळं काही आहे का तेवढं सांगा. दुसरं कुणी नाही हो मला."

घड्याळवाल्यानं काकांना खिडकीच्या उजेडात नेलं, शर्ट वर केला, भिंग डोळ्यावर ओढलं आणि एखादं बारीक घड्याळ उघडावं तशी मानेपासून कमरेपर्यंत सगळी पाठ पाहिली.

"घामोळं आहे. बाकी काही नाही."

काकांचा जीव भांड्यात पडला. शर्ट नीट करून ते दाराकडे वळले.

"थांबा की," घड्याळवाला म्हणाला. त्यानं भिंग काढून काकांच्या हातात दिलं, आणि सदऱ्याची बटणं सोडत पाठमोरा उभा राहिला. "आलाच आहात तर माझीही बघा. आमची ही गेल्यापासून कुणी पाहिलेली नाही."