देव्हाऱ्याच्या खणातली दोन पाकिटं

माझ्या ताईच्या घरात दोन अमेरिकन मतदार होत्या, आणि दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नव्हतं. मी त्यांच्यातली नव्हे. माझा पासपोर्ट भारताचा, नोकरी हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात, फ्लॅट तोआ पायोहला. इथे, परक्या देशात, मला मतदानाचा हक्क नाही, आणि त्यासाठी विमानाचं तिकीट काढून मी पुण्यालाही कधी गेले नाही. म्हणून की काय, ज्यांना हा हक्क आहे ते त्याचं काय करतात हे बघायची मला भारी उत्सुकता. दर शनिवारी मी पाया लेबारला ताईच्या कॉन्डोत जेवायला जायची, आणि त्या वर्षी आमटीपेक्षा भांडणच जास्त चवीने ऐकायची.

ताई पंधरा वर्षं अमेरिकेत राहिली, तिथली नागरिक झाली, मग भावजींच्या बदलीमुळे इथे आली. भाची तिथलीच जन्माची, आता एकोणीस वर्षांची, इथे युनिव्हर्सिटीत शिकणारी. भावजींनी भारताचा पासपोर्ट सोडला नव्हता, त्यामुळे ते मान खाली घालून जेवत.

तिकडे नोव्हेंबरमध्ये अध्यक्षाची निवडणूक यायची होती. पण त्याआधी पक्षाने कुणाला उभं करायचं हे तिथे पक्षाचे मतदारच मत देऊन ठरवतात. त्याला प्रायमरी म्हणतात. म्हणजे एकाच घरातली माणसं आधी आपसात लढणार, मग एक होऊन शेजाऱ्याशी. हे ऐकून मी थक्कच झाले. आपल्याकडे तिकीट कुणाला मिळालं ते आपल्याला पेपरात वाचायला मिळतं.

ताईचा उमेदवार अनुभवी, पक्षातल्या मोठ्यांनी पसंत केलेला, भाषण ऐकताना डुलकी लागावी असा. भाचीचा उमेदवार पक्षातल्यांनाच खडे बोल सुनावणारा.

"अगं, तो निवडून यायचा नाही. समोरचे त्याला कच्चा खातील," ताई म्हणायची.

"मम्मा, पण तुला स्वतःला कोण आवडतो? लाइक, रिअली?"

"आवडीनिवडी जेवणात असाव्यात. मत पक्षाला द्यायचं."

"मग माझा हरला तर नोव्हेंबरमध्ये मी घरी बसणार. सिरियसली, लाह," भाची इथल्या पोरांच्या थाटात म्हणायची.

हे ऐकलं की ताईच्या हातातला डाव थांबायचा. घरी बसणाऱ्यांमुळेच समोरचा पक्ष जिंकतो, अशी तिची पक्की समजूत होती.

ही समजूत तिने कुठून आणली ते मला माहीत होतं. आमचे वडील, नाना, एका पक्षाचे साधे कार्यकर्ते. आयुष्यभर तेच चिन्ह. एका निवडणुकीत पक्षाने अशा माणसाला तिकीट दिलं की ज्याचं नाव काढलं तरी नानांच्या कपाळाला आठी पडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना त्याच माणसाच्या मतदार चिठ्ठ्या घेऊन घरोघर निघाले, आणि बारा वर्षांची ताई त्यांची पिशवी धरून मागे. मी लहान होते. मला नुसता राग यायचा की मला का नेत नाहीत.

"मावशी," भाचीने मला एकदा विचारलं, "आजोबांनी कधी त्यांना खरंच आवडलेल्या माणसाला व्होट केलं का?"

जन्मदात्याबद्दल एवढी साधी गोष्ट आपल्याला माहीत नाही याची मला लाज वाटली.

प्रायमरीच्या मतपत्रिका आल्या. त्या भरून, पाकीट बंद करून, वर सही करून पोस्टाने पाठवायच्या होत्या. ताईच्या घरातले सगळे फॉर्म ताईच पाठवते. इथे राहायचा पास असो, शाळेचा दाखला असो, आधी तो देव्हाऱ्याच्या खणात जातो, त्याच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लागतं, मग भिंतीवरचं कॅलेंडर बघून बरा दिवस पाहून तो पोस्टात पडतो. अमावास्येला तर ताई विजेचं बिलसुद्धा भरत नाही. भाची कॉलेजच्या ट्रिपला तीन आठवडे व्हिएतनामला निघाली तेव्हा तिने बंद पाकीट ताईच्या हातात दिलं.

"मम्मा, माझं पहिलं व्होट आहे. पोस्ट कर हं. प्रॉमिस?"

"टाकते गं बाई," ताई म्हणाली. मी तिथेच उभी होते.

तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी ताई कणीक मळत होती. मला म्हणाली, दिवा लाव. मी काडेपेटीसाठी खण उघडला, तर कुंकू लावलेली दोन पाकिटं. भाचीचं आणि ताईचं. मतं तिकडे पोचायची मुदत तीन दिवसांवर आली होती.

"अमावास्या होती," ताई वळूनही न बघता म्हणाली.

मी कॅलेंडर बघितलं. अमावास्या होऊन बारा दिवस झाले होते.

मग ताईने हात धुतले आणि खरं सांगितलं. "हे बघ, तिचं मत एकाला, माझं दुसऱ्याला. एकातून एक गेलं, बाकी शून्य. दोन्ही पाठवली काय नि न पाठवली काय, निकाल तोच. तिला फसवलं असं नाही, मी माझंही ठेवलंय की."

माझं डोकंच फिरलं. इतका काटेकोर न्याय फक्त आमच्याच घराण्यात निघू शकतो! "ताई, तुझं मत तू हवं तर चुलीत घाल," मी म्हणाले. "तिचं तुझं नव्हतं. तू पोरीची चोरी केलीस."

ताई रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. दोन्ही पाकिटं उचलून तशीच दाराबाहेर पडली आणि मी तिच्या मागे धावले. मॉलमधल्या कुरियरच्या रांगेत उभी असताना ती एकदम म्हणाली, "शेवटच्या आजारपणात मी नानांना विचारलं होतं, एवढी वर्षं पक्षाचं केलंत, काही राहिलं का? म्हणाले, एकदा मनासारखं मत द्यायचं होतं, तेवढं राहून गेलं."

"हे तू आजवर मला सांगितलं नाहीस?"

"कुणालाच नाही. मला ते ऐकायलाच नको होतं."

काउंटरवरची मुलगी म्हणाली, चार दिवस लागतील. मुदत तीन दिवसांची. ताईने तरीही दोन्ही पाठवली. आणि घरी आल्याबरोबर व्हिएतनामला फोन लावून लेकीला सगळं सांगितलं. वजाबाकीसुद्धा. पलीकडून "ओके" एवढंच.

पाकिटं एक दिवस उशिरा पोचली. भाचीचा उमेदवार हरला, तोही चांगल्या फरकाने. ताई "बघ, काही फरक पडला नसता" असं एकदाही म्हणाली नाही, आणि तिला हे न म्हणणं किती जड गेलं असेल ते मलाच माहीत. मी आगाऊपणे भाचीला विचारलं, एका मताने काय झालं असतं? ती म्हणाली, "मावशी, दॅट वॉज माइन." पुढचे तीन महिने जेवताना ती आईशी मीठ मागण्यापुरतंच बोलायची. शनिवार मला नकोसे वाटू लागले.

मुख्य निवडणुकीच्या मतपत्रिका सर्वपित्रीच्या आसपास आल्या. सर्वपित्रीच्या दिवशी मी अर्धी रजा काढून ताईकडे गेले. नानांसाठी पान वाढलं होतं, खीर होती, वडे होते. भाची तिच्या खोलीतून बाहेर आली. हातात बंद पाकीट, वर तिची सही.

"पोस्ट कर," ती आईला म्हणाली आणि पाकीट तिच्या हातात दिलं. प्रॉमिस मागितलं नाही.

ताईने ते खणात ठेवलं नाही, कुंकू लावलं नाही. चप्पल घातली. "अगं, आज अमावास्या," भावजी म्हणाले, पण ती लिफ्टपाशी पोचली होती. मीही गेले. भाचीने पक्षाचं ऐकलं की मनाचं, की कोरंच पाठवलं, या विचाराने मला राहवेना.

"ताई, आत कुणाचं नाव असेल गं?"

"मला काय माहीत," ताई म्हणाली, आणि लिफ्ट खाली पोचेपर्यंत ते पाकीट दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.