दाजींची पाचवी तार

दाजी मला पहिल्यांदा भेटले ते उलटे. म्हणजे त्यांचे पाय वर होते, डोकं खाली होतं, आणि ते डोकं लिफ्टच्या छतातल्या झडपेतून माझ्याकडे बघत होतं. मी माझ्या अख्ख्या ड्रमसेटसकट दोन मजल्यांच्या मधोमध लटकलेलो होतो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. आत शिरलो तेव्हा माझे केस काळे होते आणि जगात बरी चाललेली राज्यं होती, एवढं आठवतं. मधल्या काळात मी मनातल्या मनात मृत्युपत्र करून मोकळा झालो होतो. मोठा ड्रम धाकट्या भावाला आणि झांजा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना, जुना राग म्हणून. तेवढ्यात ते डोकं आलं. डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडे बघतात, तसा चेहरा.

"काय झालं ते नंतर सांगा," डोकं म्हणालं. "आधी आवाज सांगा. थांबायच्या आधी कट् झालं की घूं झालं?"

"मला बाहेर काढा हो."

"काढतो. कट् की घूं?"

"आधी कट्. मग घूं."

डोक्याला बरं वाटलेलं दिसलं. "मग घाबरायचं कारण नाही. आधी घूं झालं असतं तर घाबरायचं होतं." ते एकदा वर दोराकडे वळलं. "तरी पण घाबरलेलं बरं."

मग ते पायांवर खाली उतरले, बटणांची पाटी उघडली, आणि पाटीच्या आतल्या अंगाला चिकटपट्टीने चिकटवून ठेवलेला एक छोटा नट सोलून काढला. तो कुठेतरी बसवला, दोनदा आवळला, कान लावला, पुन्हा आवळला आणि लिफ्ट हलली. नट आधीपासून तिथे कसा, असं मी विचारलं.

"मीच ठेवतो. जिथला नट, तिथेच एक जादा. ऐन वेळी पडला तर शोधत कुठे बसायचं?" मग त्यांची नजर माझ्या सामानावर गेली. "ड्रम तुम्ही वाजवता?"

"हो."

"आमच्या बँडमधला ड्रमवाला सोडून गेलाय."

"का?"

"माझ्यामुळे," दाजी म्हणाले. इतक्या सरळपणे कुणी आमंत्रण दिलं की नाही म्हणणं जड जातं. मी गेलो.

आता 'दाजी' हे काही त्यांचं नाव नव्हे. बँडचा गायक हा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो दाजी म्हणायचा म्हणून आम्ही म्हणायला लागलो, मग इमारतींचे रखवालदार म्हणायला लागले, आणि शेवटी लिफ्ट कंपनीचे साहेबसुद्धा फोनवर "दाजी आहेत का?" असं विचारायला लागले. त्याच हिशोबाने त्यांच्या बायकोला सगळे ताई म्हणायचे. बँडमध्ये चौथा माणूस कीबोर्डवाला. हा कायम बिस्किटं खायचा, तीही उजव्या हाताने, वाजवता वाजवता. डावा हात तेवढ्यापुरता दोघांचं काम करायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दाजी बास वाजवायचे. बास म्हणजे गिटारचा थोरला भाऊ: अंगाने मोठा, आवाजाने घोगरा, चारचौघांत कमी बोलणारा. तो वाजत असताना कुणाचं लक्ष जात नाही. थांबला की मात्र खोलीतलं जड सामान कुणी उचलून नेल्यासारखं वाटतं. दाजींच्या स्वभावाला हे वाद्य शोभून दिसे, कारण दाजींचा सगळा जन्म लोकांचं लक्ष जाणार नाही अशा गोष्टींकडे लक्ष देण्यात गेला. काळजी हा त्यांचा धंदाच होता. लिफ्टच्या दोराला आठ माणसं उचलायची असली, तर तो ऐंशी माणसं पेलेल असा घ्यायचा, हा त्या धंद्यातला नियम. दाजींनी तो नियम घरीही आणला. ताई सांगायच्या, "लग्नात यांनी मला हार घातला आणि आधी दोरा ओढून बघितला."

आणि तालमीत ते गाणं थांबवायचे. चांगलं रंगात आलेलं गाणं. हात वर करून म्हणायचे, "थांबा. काहीतरी वाजतंय."

"आपणच वाजतोय, दाजी," मेहुणा म्हणायचा.

"ते सोडून."

मग आम्ही चौघे खोलीभर कान टवकारून फिरायचो. कधी खिडकीची काच निघायची, कधी पंख्याची पाकळी, एकदा तर कीबोर्डवाल्याचा बिस्किटांचा डबा निघाला. सापडेपर्यंत दाजींच्या कपाळावर घाम असायचा. सापडलं की ते इतके आनंदायचे की त्यांच्यावर रागावणं कठीण व्हायचं. आधीच्या ड्रमवाल्याला ते जमलं होतं, एवढंच.

पाचव्या तारेचं वेड त्यांना कधी लागलं ते त्यांनाही ठाऊक नाही. बासला चार तारा असतात. दाजींचं म्हणणं, चार तारा तळमजल्यापर्यंत नेतात. "पण खाली तळघर असतंच की. तिथे काय चाललंय ते बघायला नको?" पाच तारांचे बास दुकानात मिळतात, पण दुकानातल्या वस्तूवर दाजींचा विश्वास नव्हता. ती कुणी आवळलीय ते माहीत नसतं. म्हणून त्यांनी तो एका कारागिराकडून मुद्दाम बनवून घ्यायचं ठरवलं. हा कारागीर बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा आणि माणसांपेक्षा फळ्यांशी जास्त बोलायचा. फळीवर टिचकी मारायची, ऐकायचं, बाजूला ठेवायची. दाजींना तो पहिल्या भेटीतच पटला.

त्याला दाजी पटले की नाही, ते विचारण्याची सोय नव्हती. दाजी दर सुट्टीला जायचे आणि काहीतरी वाढवून यायचे. बासच्या मानेत, म्हणजे बोटं फिरतात त्या दांड्यात, एक लोखंडी सळई असते. दाजींनी दोन घालायला लावल्या. तारा खालच्या टोकाला ज्या पट्टीत अडकवतात, ती लाकडाला साध्या स्क्रूंनी बसवलेली असते. दाजींनी आरपार बोल्ट मागितले, मागून नट, आणि नट ढिला होऊ नये म्हणून त्यावर आणखी एक नट. हे सगळं मावायला मागच्या बाजूला लाकूड कोरून एक पोकळी करावी लागली आणि तिच्यावर झाकण आलं. मी एकदा सोबत गेलो होतो. कारागीर रंधा बाजूला ठेवून म्हणाला, "साहेब, यातून सूर काढायचाय की माणसं न्यायचीत?"

"समजा पाचव्या तारेच्या ओढीने पट्टी उपटली तर?"

"नाही उपटत."

"समजा."

कारागिराने दाजींकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पाचवं भोक पाडायला घेतलं.

दोन वर्षं चाललं हे. बास तयार झाला तेव्हा मात्र सगळ्यांची तोंडं बंद झाली. गडद तपकिरी लाकूड, कडेला मधासारखी फिकट रेघ, दाजींच्या आखूड बोटांच्या मापाने घडवलेली मान. वजन एखाद्या झोपलेल्या पोराइतकं. दाजींनी तो मांडीवर घेतला, पाचवी तार छेडली, आणि माझ्या बुडाखालचं स्टूल गुरगुरलं. आवाज कानांनी ऐकला असं म्हणता येणार नाही. तो आधी पायांना कळला. रुमाल काढून दाजींनी लाकडावर पडलेला स्वतःचा घाम पुसला.

मेहुण्याने त्या तारेसाठी गाणं लिहिलं. संथ. मध्ये एका जागी आम्ही तिघे थांबतो आणि दाजींनी एकट्याने तो सगळ्यात खालचा सूर सोडायचा, विरेपर्यंत. घरी दाजी तेवढा एकच सूर इतका घोटायचे की ताईंनी कपाटातली काचेची भांडी पलंगावर हलवली.

पण तालमी सुरू झाल्या आणि पाचव्या तारेने इमारतीतलं जे जे ढिलं होतं ते सगळं बोलतं केलं. आधी खिडक्या वाजायच्या, आता नळ, बिजागऱ्या, शेजारच्या खोलीतल्या खुर्च्या. दाजींचा हात दर दोन ओळींनी वर. शेवटी एका संध्याकाळी मेहुण्याने मायक्रोफोन खाली ठेवला.

"दाजी, तुम्ही मोठे आहात. ताईचा नवरा आहात. म्हणून एकदाच सांगतो. विमा कचेरीचा वार्षिक समारंभ आहे, भरलेला हॉल असणार. तिथे गाणं थांबवलंत, तर यापुढे खालचे सूर हा वाजवेल." त्याने कीबोर्डवाल्याकडे बोट केलं. कीबोर्डवाला उजव्या हाताने बिस्किट खात होता. डाव्या हाताने त्याने, बिचाऱ्याने सहज म्हणून, दाजींचीच ओळ वाजवून दाखवली.

दाजी म्हणाले, "नाही थांबवणार." घरी जाताना जिन्यात मला म्हणाले, "पण खरंच काही ढिलं असलं तर?"

"तर हॉलवाले बघतील."

"हॉलवाले कुठे ऐकतात," दाजी म्हणाले.

समारंभाच्या दिवशी ते दुपारीच हॉलवर हजर. मी पोचलो तेव्हा रंगमंचावर उभे राहून वर बघत होते. पहिल्या काही रांगांच्या डोक्यावर दिव्यांची लोखंडी चौकट टांगलेली होती. "चार साखळ्या," दाजी म्हणाले. "चारच." त्यांनी हॉलच्या वायरमनला गाठून विचारलं. वायरमन म्हणाला, साखळ्या मजबूत आहेत. दाजींनी विचारलं, कुणी आवळल्या? वायरमन म्हणाला, माझ्या आधीच्याने. तेवढं ऐकून दाजींनी साखळ्या पुन्हा मोजल्या, आणि ताई येऊन बरोब्बर चौकटीखाली तिसऱ्या रांगेत बसल्या तेव्हा तिसऱ्यांदा.

पहिली गाणी चांगली झाली. दाजींचे डोळे तारांवर कमी आणि छताकडे जास्त, पण हात चुकत नव्हते. दिवे भाजत होते. मग ते संथ गाणं आलं. ती जागा आली. मी काठ्या उचलल्या, कीबोर्डवाल्याने हात उचलले, मेहुण्याने डोळे मिटले, आणि दाजींनी पाचवी तार सोडली.

सूर निघाला. भरदार, काळाभोर, अख्ख्या हॉलला तळघर दाखवणारा. आणि त्याच्या मागे, बारीक, टिर्रर्र.

मीही ऐकलं. दाजींचा चेहरा पांढरा पडताना पाहिला. त्यांनी छताकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं, तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. त्यांनी तारेवर हात ठेवला असता तर सूर थांबला असता, गाणं पुढे गेलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी ठेवला नाही. नीट ऐकायला तार पुन्हा छेडली. टिर्रर्र. मग ते मायक्रोफोनपाशी गेले आणि लिफ्टच्या झडपेतून बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "पुढच्या चार रांगांनी जरा उठून मागे जावं. घाई करू नका. पिशव्या राहू द्या."

लोक उठले. विमा कचेरीचीच माणसं, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मेहुण्याने डोळे उघडले तेव्हा त्याच्यासमोर रिकाम्या खुर्च्या होत्या.

वायरमन शिडी घेऊन आला. त्याने एकेक साखळी धरून हिसडली, एकेक दिवा हलवून पाहिला. काही हललं नाही. "घट्ट आहे," तो वरून म्हणाला. "वाजवा बघू परत."

दाजींनी वाजवलं. टिर्रर्र. सगळा हॉल वर बघत होता. वायरमन शिडीवर बसून कान लावत म्हणाला, "इथे नाही."

ताई मागे गेल्याच नव्हत्या. त्या उठून रंगमंचाच्या पायऱ्या चढल्या, दाजींच्या मागे गेल्या आणि बासच्या पाठीवर, झाकणाच्या जागी, तळहात दाबला. "आता वाजवा."

दाजींनी वाजवलं. नुसता सूर आला.

ताईंनी हात काढला. टिर्रर्र.

"अहो," ताई हळूच म्हणाल्या, पण मायक्रोफोन चालू होता. "तुमच्यातच वाजतंय."

दाजींनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. हा माणूस समारंभाच्या कोटातही स्क्रूड्रायव्हर ठेवायचा. बास मांडीवर कुशीवर ठेवून पाठीचं झाकण उघडलं. बोल्ट जागच्या जागी, नट जागच्या जागी, नटांवरचे नट जागच्या जागी. दिव्यांच्या उकाड्याने सुटलेला चिकटपट्टीचा एक तुकडा लोंबत होता, आणि त्यातून एक छोटा नट टपकन फळ्यांवर पडला, घरंगळला आणि माझ्या ड्रमला लागून थांबला.

जिथला नट, तिथेच एक जादा.

हॉल हसला. वाईट नाही हसला, सुटका झाल्यासारखा हसला, पण बराच वेळ हसला. दाजींनी नट उचलून खिशात टाकला, झाकण लावलं, बास गळ्यात अडकवला आणि मेहुण्याला म्हणाले, "त्या जागेपासून घेऊ या?"

घेतलं. दाजींनी तो सूर सोडला, विरेपर्यंत. त्यात काही म्हणता काही नव्हतं. इतका स्वच्छ खालचा सूर मी त्याआधी किंवा नंतर ऐकलेला नाही. लोक तेव्हा आपापल्या खुर्च्या आणि पिशव्या शोधत होते.

खालचे सूर आता कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवतो. फरक पडल्याचं अजून कुणी बोललेलं नाही.