हाडजोडाचा पेला

“डिस्टल रेडियस का फ्रॅक्चर है, काकाजी,” डॉक्टर एक्स-रे उजेडापुढे धरून म्हणाले. म्हणजे मनगटालगतचं हाड. संकठा घाटाच्या पायऱ्यांवर माकडाने चष्मा पळवला आणि मी त्याच्यामागे धावताना पडलो. या वयात! त्यांनी हाड ओढून बसवलं, डाव्या हाताला प्लास्टर घातलं, बोटं हलवत राहायला सांगितलं.

निघताना माझ्या बायकोने, सुधाने विचारलं, “हडजोड का रस दें?”

“देना हो तो थोडा दीजिए. लेकिन प्लास्टर के साथ, उसकी जगह नहीं.”

हिने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

हाडजोड म्हणजे चौकोनी कांड्यांचा वेल. आमच्या छतावरच्या गमल्यात, म्हणजे कुंडीत, आहे. रोज सकाळी सुधा कांड्या सोलायची, वाटायची, रस तुपात परतून दुधातून द्यायची. बुळबुळीत, वर घशाला खाज. दोनदा कसाबसा प्यालो. मग ती पाठमोरी झाली की पेला सरळ मोरीत.

“संपवला?”

“संपवला की.”

तिचे हात लाल दिसायचे. मला वाटलं, भांड्यांच्या साबणाने असतील.

प्लास्टर निघालं. एक्स-रेत कॅलस, म्हणजे तुटीभोवती धरलेलं नवं हाड, छान दिसत होतं. मग काय विचारता! मंगला गौरीच्या देवळाजवळच्या सगळ्या मराठी घरांत सुधाच्या रसाचा गाजावाजा झाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने वाण म्हणून हाडजोडाच्या कांड्या लुटल्या. मी आत बसून गंमत बघत होतो.

आणि शेजारच्या सिंधूताई न्हाणीत घसरल्या. आम्ही दोघं धावत गेलो. मनगट वाकडं, सुजून टम्म. त्यांचा मुलगा दवाखान्यात न्यायला रिक्षा घेऊन दारात, आणि त्या हटून बसलेल्या. “मला नको प्लास्टर. भाऊजींचं हाड रसानेच जुळलं. मीही तोच पिते.”

सुधा कौतुकाने माझ्याकडे वळली. “सांगा ना अहो यांना.”

गप्प बसलो असतो तर त्या बाईचा हात गेला असता.

“सिंधूताई, मी रस प्यालोच नाही. मोरीत ओतला. माझं हाड डॉक्टरांनी बसवलं. उठा, जा आधी.”

त्या गेल्या. सुधा भांडली नाही, रडली नाही. स्वतःच्या तळव्यांकडे बघत म्हणाली, “सोलताना रोज आग व्हायची हो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुमच्यावर ही पाळी आली तर आधी हाड बसवून घ्या. पाला, रस काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि नको असेल तर करणारीच्या तोंडावर नको म्हणा. तेवढी हिंमत मला झाली नाही, याची अजून लाज वाटते.

सिंधूताईंच्या हाताला वेळेवर प्लास्टर पडलं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर त्यांनी थोडा रसही मागितला. सकाळी कांड्या सोलायला मीच बसलो. बघता बघता दोन्ही तळवे पेटले.

सुधाने तेलाची वाटी पुढ्यात सरकवली. “आधी हे लावायचं असतं.”

“तू लावायचीस?”

“लावायचे. तरी खाजतंच.”