गेडनींच्या मैदानावर हॅरियर

विमानाच्या माणसानं वर बघत चालावं अशी लोकांची समजूत असते. नॉर्मन टकवेल कायम खाली बघत चालायचा. चर्चची वाट असो, बेकरीचा फुटपाथ असो की पबचं अंगण असो, खडा दिसला की हा वाकलाच. उचलायचा आणि खिशात टाकायचा. त्याचे फाटलेले खिसे शिवून शिवून त्याच्या आईनं हात टेकले होते. पण खोड नोकरीची होती. नॉर्मन ब्रिटिश हवाई दलात हॅरियर या लढाऊ विमानाच्या इंजिनाचा फिटर, आणि ते इंजिन महाअधाशी. समोर येईल ते गिळायचं, आणि एवढासा खडा पोटात गेला तरी आतली पाती मोडून घ्यायचं. म्हणून उड्डाणाआधी तळावरचे सगळे, अगदी साहेबसुद्धा, खांद्याला खांदा लावून ओळीनं चालत खडे वेचायचे.

हॅरियर जागच्या जागी वर उठतं, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण साठ साली त्याचा पहिला अवतार उठवून बघितला, तेव्हा द्वाड म्हैस खुंट्याला बांधावी तसा तो जमिनीला बांधून ठेवला होता. जरासं उठायचं, झिंगल्यासारखं झुलायचं आणि धप्पकन बसायचं. एकोणसत्तरला ते हवाई दलात आलं तेव्हा मात्र चांगलं शहाणं झालं होतं. इंजिन एक, झोत सोडणारी तोंडं चार. तोंडं मागे वळवली की सुसाट पळणार, खाली वळवली की तरंगत राहणार. धावपट्टीचे लाड नाहीत, जंगलातली मोकळी जागा मिळाली तरी खूश. नॉर्मन पहिल्यापासून त्याच्या दिमतीला होता. जर्मनीच्या रानात विमानावर जाळी पांघरायची आणि आपण शेजारी चिखलात तंबू ठोकून झोपायचं, यात त्याला स्वर्गसुख वाटे. पुढे ब्याऐंशीत हॅरियर दक्षिण अटलांटिकच्या लढाईत जहाजांवरून उडाली, दोन हजार दहाच्या डिसेंबरात निवृत्त झाली, आणि त्या दिवशी पिकल्या केसांचा नॉर्मन तळाच्या कुंपणाशी उभा राहून लहान मुलासारखा रडला. पण ते फार पुढचं. ही गोष्ट चौऱ्याहत्तरची, त्याचं लग्न अडलं होतं तेव्हाची.

मुलगी होती हेझल गेडनी, तळाशेजारच्या मार्लथॉर्प गावच्या बेकरीतली. नॉर्मन विमानाबद्दल बोलायला लागला की ती कमरेवर हात ठेवायची.

"माझ्याबद्दल कधी इतकं गोड बोलतोस का रे?"

"तू कुठं इतकं तेल पितेस?"

हेझलचा होकार होता. अडलं होतं तिच्या वडिलांपाशी. अर्नेस्ट गेडनी गावच्या क्रिकेट मैदानाचा माळी. बायको गेल्यापासून त्याला दोनच माणसं होती, एक हेझल आणि दुसरं मैदान. हॅरियरचं नाव काढलं की म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"त्या बोंबल्याच्या नोकराला माझी मुलगी देऊ? परवा त्याच्या आवाजानं दचकून आपला ओपनर बोल्ड झाला!"

"बाबा, आवाज नसला तरी तो बोल्डच होतो."

"तू मध्ये बोलू नकोस!"

हेझल एरवी तोंडाची तिखट, पण नॉर्मनला तिनं साफ सांगितलं होतं, "बाबांना एकटं टाकून मी येणार नाही. त्यांच्या तोंडून हो आलं पाहिजे."

त्यात जुलैची गावजत्रा आली. चर्चच्या छपरासाठी निधी जमवायचा म्हणून पाद्रीसाहेबांनी खटपट करून तळावरून हॅरियर मागवलं. मैदानाशेजारच्या मेंढ्यांच्या कुरणावर ते तरंगणार, शेवटी लोकांकडे तोंड करून नाक खाली झुकवणार आणि जाणार. खेळ संपताना असा वाकून नमस्कार करायची हॅरियरची रीतच होती. हे कळल्यावर अर्नेस्टनं नॉर्मनला भर पबमध्ये गाठलं.

"माझ्या पीचवर त्याचा वारा जरी आला ना, तर हेझलचं नाव काढायचं नाहीस. कळलं?"

"नाही येणार, मिस्टर गेडनी. माझा शब्द."

जत्रेच्या सकाळी नॉर्मननं अख्ख्या गावाला ओळीत उभं केलं. पाद्रीसाहेब, बेकरीतल्या बायका, पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू, सगळे कंबर मोडून कुरणातले खडे वेचत चालले. ते झाल्यावर नॉर्मन एकटाच मैदानात शिरला.

"इकडं कुठं?" अर्नेस्ट कडाडला. "वारा इकडं येणार नाही म्हणालास ना?"

"येणार नाहीच. पण इथंही खडा नाही हे बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही."

"रोज पहाटे मी इथला खडा न् खडा वेचतो. चेंडू उसळून कुणाचे दात जायला नकोत. सापडला एखादा तर दाखव."

नॉर्मन वाकून चालत राहिला. कुंपणापासून पीचच्या दोरीपर्यंत गेला, परत आला. हात रिकामे. असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"मिस्टर गेडनी," तो मनापासून म्हणाला, "अशी जमीन आमच्या तळावरसुद्धा नाही."

अर्नेस्ट नुसता हुंकारला, पण आपल्या थर्मासमधला अर्धा कप चहा त्यानं नॉर्मनला दिला. हेझलनं ते लांबून पाहिलं आणि केकचा अख्खा ट्रे हातातून सोडायची तेवढी राहिली.

आता नॉर्मनची चूक ऐका. वैमानिकाला त्यानं सांगून ठेवलं होतं, "कुरणाच्या कडेला मोठं पांढरं कापड लावतो. त्याच्याकडे तोंड करून मान झुकवा." दोघांनाही एवढी खूण पुरेशी वाटली. पण शेजारी क्रिकेटचं मैदान, आणि मैदानात साइटस्क्रीन, फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून उभा केलेला फळ्यांचा पडदा, नॉर्मनच्या कापडाच्या चौपट मोठा! त्यात अर्नेस्टनं त्याला नुकताच नवाकोरा पांढरा रंग दिलेला.

हॅरियर आलं, कुरणावर थबकलं, आणि हळूहळू सरकत मैदानावर आलं.

"अरे तिकडं नाही!" नॉर्मन जीव तोडून ओरडला. त्या आवाजात तोफ उडाली असती तरी ऐकू आली नसती.

पुढे जे झालं ते मार्लथॉर्प अजून चवीनं सांगतं. टोप्या उडाल्या, काकडीची सँडविचं उडाली, सोडतीची तिकिटं पार पुढच्या गावी गेली. चहाचा तंबू पाद्रीसाहेबांना पोटात घेऊन बसला. चाकांवरचा साइटस्क्रीन आपणहून निघाला आणि सीमारेषेच्या कडेकडेनं गडगडत गेला. सगळे कुंपणाकडे पळत असताना अर्नेस्ट मात्र उलट्या दिशेनं धावला आणि दोन्ही हात पसरून पीचच्या पुढ्यात उभा राहिला. विमान त्याच्यासमोर तरंगत थांबलं. मग त्यानं सावकाश नाक खाली केलं, पुरतं वाकून.

समोरच्यानं मान झुकवली तर आपणही झुकवायची, हे अर्नेस्टच्या हाडात मुरलेलं. तोही वाकला.

विमान निघून गेलं. नॉर्मन धावत पीचपाशी पोचला तेव्हा म्हातारा गुडघ्यांवर बसून बोटांनी गवत चाचपत होता. नॉर्मनही शेजारी ओणवा झाला. कापलेलं गवत तेवढं उडून गेलं होतं. एकही पातं करपलं नव्हतं.

"चूक माझी आहे," नॉर्मन म्हणाला. "पांढरं कापड म्हणालो, आणि तुमचा साइटस्क्रीन..."

"कुणाला खडा लागला?"

"कुणालाच नाही."

"पॅव्हेलियनची काच फुटली?"

"एकसुद्धा नाही. खडाच नव्हता ना उडायला."

अर्नेस्ट उठला. विमान गेलं त्या दिशेला त्यानं बघितलं. त्याचे डोळे ओले झाले होते, आणि ते त्यानं लपवलं नाही.

"इतकी वर्षं हे मैदान राखतोय," तो म्हणाला, "टीमच्या एकाही कॅप्टननं कधी माझ्यापुढे मान झुकवली नाही."

हेझल धावत आली. तिच्या केसांत केकचं क्रीम, कानात कुणाचं तरी तिकीट. "बाबा, त्याच्यावर ओरडू नका हं! मुद्दाम नाही केलं त्यानं!"

"ओरडतंय कोण?" अर्नेस्टनं गुडघे झटकले. "लग्न सप्टेंबर संपल्यावर ठेवा. सीझन चालू असताना मला सवड नसते."