मामांची रापी

पडदा वर जातो. समोर एक लांबट खोली. भिंतींना कमरेइतका हिरवा रंग, त्यावर पोपडे सुटलेला चुना. मध्ये पत्र्याचं टेबल. टेबलापलीकडे गणवेशातला तपासनीस, डोळ्यांत सकाळपासूनची झोप. अलीकडे आम्ही, नाटक कंपनीची मंडळी, रस्त्यानं खिळखिळी करून सोडलेली. राजा ट्रंकेवर बसून पेंगतोय. राणीनं चपला काढून पाय गार फरशीवर टेकलेत. आणि सगळ्यांच्या पुढे, किल्ल्यांचा जुडगा घेऊन, मामा.

मामा आमच्यापैकी कुणाचेच मामा नव्हते, पण मालकांपासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. कंपनीत चामड्याचं जे जे असेल ते त्यांचं. जोडे, पट्टे, म्यानं, अगदी घोडा नसलेले लगामसुद्धा. नवा जोडा करायचा म्हटलं की आधी ते नटाचा पाय मांडीवर घ्यायचे आणि अंगठ्यानं दाबून बघायचे. म्हणायचे, "जोडा चावला की तुम्ही माझ्यावर चिडता आणि वाक्य विसरता. मग प्रेक्षक तुमच्यावर चिडतात. त्यापेक्षा आत्ताच सांगा कुठं दुखतं ते."

कुठल्या ट्रंकेत काय आहे हे त्यांनाच ठाऊक, म्हणून सरहद्दीच्या नाक्यावरच्या तपासणीचं झेंगटही मालकांनी त्यांच्याच गळ्यात मारलेलं.

"धारदार काही?" तपासनीसानं विचारलं.

"आहे ना साहेब. तलवारी, खंजीर, एक कुऱ्हाड. सगळं पत्र्याचं. ह्या खंजिराचं पातं दाबलं की मुठीत जातं."

तपासनीसानं खंजीर स्वतःच्या तळहातावर दाबला. पातं आत गेलं. हसला नाही, पण पुन्हा एकदा दाबून पाहिला.

"मग रक्त कुठून येतं?"

"ते राजांना विचारा. रक्ताचा फुगा त्यांच्या काखेत असतो."

राजानं डोळे न उघडता काख वर केली.

"आणखी काही धारदार?"

"नाही साहेब. एवढंच."

मामा ट्रंक बंद करायला वाकले आणि त्यांचा सदरा वर सरकला. कमरेच्या पट्ट्यात, चामड्याच्या म्यानात, रापी होती. रापी म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी.

मामा खोटं बोलले नव्हते. कंपनीचं सामान काय, असं विचारलंय असं धरून त्यांनी सामान सांगितलं. रापी त्यांच्या लेखी सामान नव्हतीच. चष्मा घातलेला माणूस चष्मा सांगतो का?

तपासनीसानं ती टेबलावर ठेवून घेतली. मामांच्या वडिलांची रापी. दगडावर घासून घासून पातं निम्मं झालेलं. लाकडी मुठीत एक खळगा, आधी वडिलांच्या अंगठ्यानं आणि मग मामांच्या अंगठ्यानं पाडलेला.

"तुमच्याकडं कमरेला चालत असेल," तपासनीस म्हणाला, "इथं नाही चालत. कामाची असली तरी कुलपात हवी, हात पोचणार नाही अशी. एकवेळ तेही सोडलं असतं. पण मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तुम्ही हिचं नाव घेतलं नाहीत. आता ठेवून घेणं भाग आहे."

"परत?"

"एकदा नोंद झाली की त्याच दिवशी सोडता येत नाही. वर्षभर इथं राहील. त्या मुदतीत मालकांना घेऊन या, कामाची आहे म्हणून सांगा आणि घेऊन जा. वर्ष उलटलं तर भट्टीत."

आमचा दौरा दुसऱ्या वाटेनं जाणार होता. मालक दबक्या आवाजात म्हणाले, "मामा, बाजारात नवी घेऊ की."

"घ्या," मामा म्हणाले. "नवा मालकही तिथंच मिळतो का बघू."

मालक हसले. मामा हसले नाहीत. गाडीत बसल्यावर त्यांचा हात दोनदा कमरेला गेला आणि रिकामा परत आला.

नवी रापी घेतली. मूठ जाड, पातं हट्टी. त्या वर्षी सगळ्यांचेच जोडे चावले, पण कुणी चकार शब्द काढला नाही. राणी तर टाचेला फडकं बांधून नाचली. मामांनी ते फडकं पाहिलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि एक नवीन रीत सुरू झाली. नव्या गावात गाडी थांबली, की सामान उतरायच्या आधी मामा चौकी शोधायचे. मी बऱ्याचदा सोबत असायचो. दोन्ही तळवे दिसतील असे हात पुढे धरून ते दारात उभे राहायचे. "साहेब, चामड्याचं काम करतो. सुरी पेटीत आहे. तुमच्याकडं काय चालतं?" एका गावात उत्तर मिळालं, पातं चार बोटांहून लांब नको. दुसरीकडं, मिटणारी चालेल, पण उघडल्यावर खटका बसणारी नको. कुठं, कामाच्या जागी चालेल, बाजारात नाही. एका हवालदारानं तर विचारलं, "एवढं विचारायला कशाला आलात? लपवून आणली असती तर कुणाला कळलं असतं?" मामा थकल्या आवाजात म्हणाले, "लपवली नव्हती हो. तेच तर सांगत फिरतोय."

परत येताना मी म्हटलं, "मामा, रोज कशाला पायपीट? पेटीत आहे ना?"

"सुरी तीच असते रे. वेस ओलांडली की कायदा दुसरा. मला कळत नाही, म्हणून विचारतो. म्हातारपणी शाळेत घातलंय मला."

वर्ष सरत आलं तेव्हा मालकांनी, न बोलता, दौऱ्याची वाट वाकडी केली. मोठ्या मनाचा माणूस. पुन्हा तीच हिरवी भिंत, तेच टेबल, तोच तपासनीस. मालकांनी सांगितलं, त्यानं कपाट उघडलं आणि कागदात गुंडाळलेली रापी मामांपुढं ठेवली. "गंजू नये म्हणून तेल लावलंय," म्हणाला. मामांनी त्याला हात जोडले.

बाहेर बाकावर बसून त्यांनी चामड्याचा तुकडा मांडीवर घेतला आणि रापी धरली. अंगठा खळग्यात बसेना. वर्षभर ती जाड मूठ आवळून सांधा सुजला होता, बोट वाकडं झालं होतं. त्यांनी पकड बदलली. पुन्हा बदलली. कापलेली रेघ वाकडीच गेली.

"बसेल हात," मी म्हटलं. "चार दिवस वापरा."

"बसेल," ते म्हणाले. मग म्यानात घालून, पत्र्याच्या तलवारींखाली, ती त्यांनी कुलपात टाकली. तिनं पुन्हा कधी चामडं कापलं नाही. हात नव्या रापीचाच झाला होता, आणि त्या नवीवर त्यांचा जीव नव्हता.

त्याच मोसमात ते दमले. बहिणीकडं जाऊन राहतो म्हणाले. आम्ही सगळे बसस्थानकावर पोचवायला गेलो. राणीनं त्यांची पिशवी घेतली होती, राजानं पेटी. फाटकाशी एक पहारेकरी टेबल टाकून वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्यानं मान वर करायच्या आत मामांनी पेटी टेबलावर ठेवायला लावली आणि दोन्ही तळवे पुढे केले.

"साहेब, तळाशी दोन सुऱ्या आहेत. एक कामाची. एक वडिलांची."