नळीत रंग येईना

आमचे दाजी काकासाहेब पाण्याच्या बाबतीत महाहट्टी माणूस. अंबडजवळच्या एका गावात त्यांनी नोकरीभर नळाला पाणी सोडलं आणि टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली. एका वर्षी जुलाबाची साथ आली, तेव्हा औषध कमी टाकलं म्हणून सगळं गाव त्यांच्या दारात भांडायला उभं राहिलं. ती भीती त्यांच्या मनातून कधी गेलीच नाही. औषध जास्त झालं म्हणून मात्र त्यांना आयुष्यात कोणी बोललं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर ते अंबडला राहायला आले. माझी बहीण उषाताई, म्हणजे त्यांची बायको, गुडघ्यांनी पार जेरीला आली होती. मुलगा कल्याण पुण्यात असतो. त्याने आईसाठी हवा भरायचा गरम पाण्याचा टब पाठवला. गल्लीतल्या बायका तो बघून फिदीफिदी हसल्या, पण ताई पंधरवड्यात जिना चढायला लागली. मग एके दिवशी तिच्या अंगभर लाल फोड उठले आणि ताप चढला. डॉक्टरांनी दम भरला की कोमट पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात, पाणी तपासल्याशिवाय उतरायचं नाही. ताईला साखर आहे, जखम लवकर भरत नाही. पुन्हा काही झालं तर टब कायमचा बंद.

आता तपासायचं कशाने, यावर घरात महिनाभर खल चालला. कल्याणने रंग बदलणाऱ्या पट्ट्या पाठवल्या. त्यांचा रंग डबीवरच्या रंगाशी जुळवताना दाजी एक म्हणत, ताई दुसरंच. मग पेनासारखं एक यंत्र आलं. ते पाण्यातले क्षार सांगतं, औषध सांगत नाही, म्हणून दाजींनी ते बाजूला ठेवलं. शेवटी गोळीची नळी पसंत पडली. नळीत पाणी घ्यायचं, त्यात गोळी चुरडायची. औषध असेल तर पाणी गुलाबी, नसेल तर जसंच्या तसं.

नळी पहिल्यांदा वापरायची होती त्या सकाळी मी तिथेच होते. ताई जुना गाऊन घालून टबाशेजारी स्टुलावर बसली होती. महिनाभर टब नाही, त्यामुळे गुडघे टम्म सुजलेले. दाजींनी आदल्या संध्याकाळीच सढळ हाताने औषध टाकून ठेवलं होतं. त्यांनी नळी भरली, गोळी चुरडली आणि उजेडात धरली. रंग नाही.

"कमी पडलं," म्हणत त्यांनी आणखी एक चमचा टाकला आणि पाणी घुसळलं. थोड्या वेळाने दुसरी नळी घेतली. रंग नाही. पुन्हा चमचा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, घसा खवखवला.

"दाजी, केवढा वास येऊन राह्यला!"

"येऊ दे. वास आला म्हंजे औषध लागून राह्यलं."

तिसरी नळी भरेपर्यंत ताईचा धीर सुटला. "अहो, तीनदा टाकलं ना? मंग उतरते मी. गुडघा लई ठणकून राह्यला." तिने भिंतीला धरून एक पाय टबाच्या काठावर ठेवलासुद्धा.

दाजी नळीत गोळी चुरडत होते. माझं लक्ष नेमकं तिकडे होतं. पाणी क्षणभर गुलाबी झालं आणि लगेच निवळलं.

"दाजी, रंग आल्ता!" मी ओरडले. "आत्ता आल्ता, गेला! ताई, थांब!"

"भास झाला तुला, मीना."

मला असा संताप आला! ताईचा दंड मी घट्ट पकडला. "पुन्हा करा. मी सोडत न्हाई हिला."

त्यांनी पुन्हा केलं. या वेळी डोळा लवू दिला नाही. गुलाबी छटा उमटली आणि गेली. दाजींचा चेहरा पडला. त्यांनी पिण्याच्या बाटलीतल्या पाण्यात टबातलं चमचाभर पाणी मिसळलं आणि त्याची नळी केली. ती गर्द गुलाबी झाली आणि तशीच राहिली.

"औषध इतकं झालं की रंगच जाळून राह्यलं," ते पुटपुटले. "मी आपलं वरून टाकीतच राह्यलो."

"मंग मी उतरले असते तर?" ताईने विचारलं.

"कातडी भाजली असती, उषा. चुकलं माझं." एवढं बोलून ते खाली फरशीवरच बसले. त्यांच्या तोंडून चूक कबूल झालेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

टब उपसला, नवं पाणी भरलं, औषध मोजून टाकलं. दुसऱ्या दिवशी नळीत फिका गुलाबी रंग आला आणि तसाच टिकला. नळीसोबत आलेल्या रंगांच्या तक्त्यावर तो हवा तिथेच बसत होता.  तरी दाजींनी नळी ताईपुढे धरली.

"मी सांगत न्हाई आता. तूच बघ."

ताईने नळी खिडकीशी नेली, तक्त्याला लावून नीट बघितली. मग त्यांचा हात धरून ती पाण्यात उतरली. बसल्यावरही तिने त्यांचा हात सोडला नाही.