काथ्याची दोरी

वेल्ह्याचं नाव निघालं की तो कोसळलेला मंडप डोळ्यांपुढे येतो.

तेव्हा मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. त्याच खोऱ्यातल्या पाली गावाजवळ आमदारांच्या हस्ते रस्त्याचं भूमिपूजन होतं. वारा सुटला, पत्र्यांचा मंडप एका अंगानं बसला आणि एक बाई जागीच गेली. ती मंडपवाल्याचीच बायको. आमदार पूर्वी याच मंडपवाल्याचे भागीदार होते. भोरला दोघांनी बांबू आणि कापडावर धंदा मांडला, तेव्हा दोघांचा डबा तीच करायची. पुढे एक जण ग्रामपंचायतीतून विधानसभेत पोचला आणि दुसरा मंडपच घालत राहिला.

पंचनाम्यात मधला खांब काढलेला आढळला. त्याच्या बदली काथ्याची दोरी ताणून बांधली होती. मंडपवाल्याचं एकच पालुपद, "खांब म्याच काढला. दोरी म्याच बांधली. मला आत टाका."

आरोपी कबूल म्हणजे पोलिसाला सुटका वाटते. मलाही वाटली. पण त्याच्या एका कामगारानं चहाच्या टपरीवर मला गाठलं. "साहेब, आमी नटबोल्ट लावतो. दोरीचं काम हितं कुणाला येतंय?"

मी मंडपवाल्यापुढे तसलीच एक दोरी ठेवली. म्हटलं, "बांधून दाखवा." त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पूर्वीच पाईपखाली गेलेली. दोरी तीनदा सुटली, तसा तो रडायलाच लागला.

"खांबामुळं लोकांना आमदारसायब दिसत न्हवते. मंग त्यांनीच वर चढून काढला. कापडाच्या मांडवाला आमी तसंच करायचो. पत्रा लई जड, ते ध्यानात आलं न्हाई त्यांच्या. माजी बायको काय आता परत येती का? खोऱ्याला रस्ता आणतोय त्यो माणूस. त्याला कशाला बुडवता साहेब?"

आमदारांपुढे मी मंडपातली ती गाठ मारलेली दोरी ठेवली. त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझ्याच हातची हाय. लिहून घ्या." निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात आरोपी म्हणून त्यांचंच नाव लागलं.

ठाण्यात दोघं समोरासमोर आले. आमदार पाया पडायला वाकले, तसा मंडपवाला मागं सरकला.

"म्या मंडपामागंच हुबा हुतो," तो म्हणाला. "एक हाक मारली असतीस तर?"

आमदार पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. लोकांनी माझी पाठ थोपटली. खरं शोधून काढणं माझं काम होतं आणि ते मी केलं, त्याचा पस्तावा नाही. पण आयुष्यभर मी खोटं बोलणाऱ्यांना चोर समजत आलो होतो. त्या दिवशी एका खोटं बोलणाऱ्यापुढे माझी मान खाली गेली, ती अजून वर आलेली नाही.